स्पीडचे पैसे दिलेत ना, मग स्पीड घ्या की!

घरच्यांना पटवून पीसी असेंबल केलात, त्यात 6000 स्पीडची डीडीआर-5 रॅम टाकलीत. आता टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि स्पीड वाचा. 4800 दिसतंय? घाबरू नका, रॅम डुप्लिकेट नाहीये. मदरबोर्ड सुरुवातीला रॅमला ठरलेल्या, सेफ स्पीडवरच चालवतो. खोक्यावरचा 6000 हा ओव्हरक्लॉकचा आकडा. तो मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल ऑन करावं लागतं.

काम दोन मिनिटांचं. पण आकडा मोठ्ठा छापायचा आणि ही अट गिऱ्हाइकानं शोधत बसायची, हे काही बरोबर नाही. म्हणून घेण्याआधीच विचारा, प्रोसेसर आणि बोर्डला हा स्पीड झेपेल का? आणि पीसी घरी नेण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर प्रोफाइल ऑन करायला लावा. पुढे पीसी हँग व्हायला लागला, तर स्पीड एक पायरी खाली आणा.

गेममध्ये फरक किती पडेल, हा नंतरचा प्रश्न. ज्याचे पैसे मोजले, ते मागून घ्यायला लाजायचं कशाला?