गावाच्या वाहिनीची किल्ली कोणाकडे?

संध्याकाळचे सात वाजलेत. अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा शहराच्या नगर परिषदेची बैठक सुरू होते आहे. नागरिकांसाठी मांडलेल्या खुर्च्या बहुतेक रिकाम्याच आहेत. बाहेर थंडी मी म्हणते आहे, घरी मुलांचा अभ्यास आहे, स्वयंपाक व्हायचा आहे. अशा वेळी कोण उठून नगर परिषदेत येणार? सभागृहाच्या कोपऱ्यात मात्र दोन कॅमेरे उभे आहेत. एकामागे हायस्कूलमधली विद्यार्थिनी आहे, तर दुसऱ्यामागे एक निवृत्त गृहस्थ. रस्त्यावरचा बर्फ उपसण्याच्या खर्चावरून दोन सदस्यांची चांगलीच जुंपते आणि गाव घरी बसून, जेवता जेवता, ती पाहते.

या कार्यक्रमात निवेदिका नाही, संगीत नाही, जाहिरातीही नाहीत. खरे सांगायचे तर अनेकदा तो कंटाळवाणाच असतो. पण ज्या दिवशी आपल्या गल्लीतली शाळा बंद करण्याचा विषय पटलावर येतो, त्या दिवशी घरातले कोणी चॅनेल बदलत नाही.

अमेरिकेतल्या शेकडो शहरांत अशा स्थानिक वाहिन्या चालतात. एक नागरिकांसाठी, एक शाळांसाठी, एक नगर प्रशासनासाठी, अशी त्यांची साधारण विभागणी असते. इंग्रजीत त्यातल्या पहिलीला ‘पब्लिक ॲक्सेस’ म्हणतात. सामान्य माणसाला तिचे दार उघडे असते, म्हणून तिला ‘खुली वाहिनी’ म्हणायला हरकत नाही. तिघांनी मिळून एक घर चालवायचे म्हटले की भांडणे आलीच. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ अशी म्हण उगाच पडलेली नाही. तरीही हे घर पन्नासहून अधिक वर्षे उभे राहिले आहे. ते कसे उभे राहिले आणि आज त्याच्या भिंतींना तडे का जात आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे.

मासेमारांच्या बेटावरून

या गोष्टीची एक सुरुवात कॅनडात सापडते. न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावरचे मच्छीमार १९६० च्या दशकात फार अडचणीत होते. त्यांना बेटावरून उठवून दुसरीकडे वसवावे, असा विचार सरकारदरबारी चालला होता. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो १९६७ साली कॅमेरा घेऊन तिथे गेले. लोक बोलले ते त्यांनी टिपले आणि आधी त्या लोकांनाच दाखवले. एका वस्तीने दुसऱ्या वस्तीचे दुखणे पडद्यावर पाहिले आणि आपली व्यथा एकच आहे हे सर्वांना उमगले. मग त्या फिती सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. पुढे बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट उठवले गेले नाही.

त्या मंडळात काही काळ काम केलेले अमेरिकन माहितीपटकार जॉर्ज स्टोनी न्यूयॉर्कला परतले. रेड बर्न्स यांच्यासह त्यांनी १९७१ साली न्यूयॉर्क विद्यापीठात ‘अल्टरनेट मीडिया सेंटर’ सुरू केले. सोनी कंपनीचा खांद्याला अडकवून नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा तोवर बाजारात आला होता. लाखो रुपयांचा स्टुडिओ नसतानाही माणसाला आपले म्हणणे चित्रित करता येऊ लागले. त्याच वर्षी, जुलै १९७१ मध्ये, मॅनहॅटनच्या केबलवर नागरिकांसाठी खुल्या वाहिन्या सुरू झाल्या. स्टोनी २०१२ साली ९६ व्या वर्षी वारले. खुल्या वाहिन्यांचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

तारांच्या बदल्यात वाहिनी

केबल कंपनी आपल्या वाहिन्या फुकट का देते, असा प्रश्न पडेल. त्यामागे अगदी सरळ व्यवहार आहे. कंपनीला घरोघरी तार न्यायची असते. ही तार शहराच्या रस्त्याखालून किंवा रस्त्याकडेच्या खांबांवरून जाते. रस्ता सर्वांचा, म्हणजे नागरिकांच्या मालकीचा. मग त्याच्या वापराचे भाडे नागरिकांना मिळायला हवे. म्हणून शहर कंपनीशी करार करते आणि दोन गोष्टी मागते, काही वाहिन्या राखून ठेवणे आणि उत्पन्नातला वाटा देणे.

केंद्रीय दळणवळण आयोगाने १९७२ साली नियम करून मोठ्या शंभर बाजारपेठांतल्या नव्या केबल यंत्रणांना नागरिक, शिक्षण आणि स्थानिक सरकार यांच्यासाठी एकेक वाहिनी ठेवायला सांगितले. कंपन्या कोर्टात गेल्या. असे बंधन घालण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली सांगितले. मग १९८४ मध्ये संसदेनेच कायदा केला. अशा वाहिन्या मागण्याचा अधिकार शहरांना मिळाला. शहराने आकारायच्या शुल्काला कंपनीच्या केबल उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि या वाहिन्यांवरच्या मजकुरात कंपनीने ढवळाढवळ करू नये, असेही ठरले.

यात एक मेख आहे. हा पैसा शहराच्या तिजोरीत जमा होतो. त्यातला किती वाहिनीला द्यायचा, हे बहुतेक ठिकाणी नगर परिषदच ठरवते. म्हणजे ज्यांच्यावर कॅमेरा रोखायचा, कॅमेऱ्याचे पैसेही त्यांच्याकडूनच घ्यायचे! पुढच्या साऱ्या ओढाताणीचे मूळ इथेच आहे.

एका स्टुडिओत तिघांचा संसार

काही ठिकाणी वाहिनी शहराचे खाते चालवते, काही ठिकाणी शाळा, कॉलेज किंवा ग्रंथालय. अनेक गावांनी मात्र ना नफा तत्त्वावरची वेगळी संस्था काढून तिच्या संचालक मंडळावर तिन्ही बाजूंची माणसे घेतली. तिथे व्यवहार साधारण असा चालतो. गावातल्या कोणाही रहिवाशाने छोटा प्रशिक्षणवर्ग पुरा करायचा. मग त्याला कॅमेरा घरी न्यायला मिळतो, संकलनाच्या यंत्रावर वेळ मिळतो. कार्यक्रम तयार झाला की तो ठरलेल्या वेळी दाखवला जातो. आधी येईल त्याला आधी संधी. जाहिरात करायची नाही आणि कायद्याने निषिद्ध असलेले दाखवायचे नाही. यापलीकडे कार्यक्रम चांगला की वाईट, हे कोणी ठरवत नाही.

शाळेच्या वाहिनीवर शाळा मंडळाच्या बैठका, मुलांची नाटके, वाद्यवृंद आणि सामने येतात. मुले ते नुसते पाहत नाहीत, स्वतः चित्रितही करतात. नगर प्रशासनाच्या वाहिनीवर परिषदेच्या आणि नियोजन समितीच्या बैठका, अंदाजपत्रकाच्या सुनावण्या आणि संकटकाळच्या सूचना असतात.

तिघांना तीन स्टुडिओ परवडत नाहीत. मग दिवसा शाळेने आणि संध्याकाळी नागरिकांनी स्टुडिओ वापरावा, अशा वाटण्या होतात. उन्हाळी सुट्टीत शाळेची यंत्रे कुलूपबंद राहायची का? परिषदेची बैठक लांबली आणि त्याच वेळी मुलांचा कार्यक्रम ठरलेला असला, तर माघार कोणी घ्यायची? कॅमेरा बिघडला तर खर्च कोणाच्या खाती टाकायचा? असे प्रश्न ऐकायला बारीकसारीक वाटतात. पण ते तोंडी ठेवले की दोन वर्षांत मने दुखावतात. जिथे हे सारे कागदावर उतरले, तिथे गाडी रुळावर राहिली. महापौरांना निवडणुकीच्या तोंडावर सरकारी वाहिनीचा वापर स्वतःच्या प्रचारासाठी करता येऊ नये, असे नियमही अनेक गावांनी करून ठेवले.

व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनने वेगळी वाट धरली. तिथे नागरिक, शिक्षण आणि प्रशासन यांच्या वाहिन्यांसाठी तीन स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येकीचे मंडळ वेगळे होते आणि जबाबदारीही वेगळी होती. त्या राज्यात मार्च महिन्यात गावसभा भरवण्याची जुनी रीत आहे. गावकरी सभागृहात जमतात आणि गावाच्या खर्चावर मत देतात. अशा मातीत स्थानिक वाहिनी रुजली यात नवल नाही. १९८१ ते १९८९ या काळात शहराचे महापौर असलेले बर्नी सँडर्स यांनी १९८६ ते १९८८ दरम्यान या स्थानिक केबलवर स्वतःचा कार्यक्रम केला. माइक हातात घेऊन ते रस्त्यावर लोकांशी बोलायचे. पुढे ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा पत्रकारांना त्या जुन्या फितींची आठवण झाली. स्थानिक संस्थेने त्या जपल्या होत्या, म्हणूनच त्या मिळाल्या.

दार सर्वांना उघडे म्हणजे?

खुल्या दारातून नको असलेला पाहुणाही आत येतो. मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस असेच घडले. कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या मंडळींनी खुल्या वाहिनीवर कार्यक्रमासाठी वेळ मागितली. शहर हादरले. या लोकांना अडवायचे कसे? नगर परिषदेने १९८८ साली खुली वाहिनीच बंद करून टाकली. क्लॅन कोर्टात गेली आणि नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना, मते मुळीच पटत नसताना, तिच्या बाजूने उभी राहिली. १९८९ साली परिषदेला वाहिनी पुन्हा सुरू करावी लागली.

त्या निर्णयाने अनेकांना वेदना झाल्या असतील. ज्याच्या पूर्वजांनी त्या पांढऱ्या बुरख्यांची दहशत सोसली, त्याला ‘तत्त्व म्हणून ऐकून घ्या’ असे सांगणे सोपे नाही. पण एकाला गप्प करण्यासाठी परिषदेने साऱ्या गावाचाच माइक काढून घेतला होता. शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणून कोणी गल्लीतला नळ तोडत नाही. द्वेषाच्या अर्ध्या तासाला उत्तर द्यायला तीच वाहिनी आणि तेच कॅमेरे इतर नागरिकांनाही खुले असतात.

दार कोणी लावायचे, हा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनची खुली वाहिनी चालवणाऱ्या संस्थेवर टीका करणारी फिल्म दोन निर्मात्यांनी केली आणि तिच्याच वाहिनीवर दाखवली. नंतर संस्थेने त्यांच्यावर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ही संस्था खासगी आहे, ती सरकार नव्हे. म्हणून राज्यघटनेतले भाषणस्वातंत्र्याचे बंधन तिला लागू होत नाही, असा निकाल जून २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला. म्हणजे संस्थेच्या घटनेत आणि शहराशी झालेल्या करारात नागरिकाचा हक्क नीट लिहिलेला नसेल, तर घटनेचा आधार घेऊन तो मागता येईलच असे नाही.

आटणारी विहीर

आज मोठी अडचण पैशाची आहे. केबलच्या उत्पन्नातला वाटा हीच या वाहिन्यांची विहीर. घरोघरची माणसे केबल सोडून इंटरनेटवर कार्यक्रम पाहू लागली तशी ती आटू लागली. त्याआधी टेक्सासने २००५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये करार करण्याचा अधिकार शहरांकडून राज्याकडे नेला. २००८ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये केबल कंपनी चालवत असलेले नागरिकांचे स्टुडिओ बंद झाले. शहर प्रशासनाची वाहिनी मात्र चालू राहिली.

या एका उदाहरणात पुष्कळ काही आले. तिघांच्या संसारात ओढगस्त आली की आधी कोणाचे ताट उचलले जाते? ज्याच्या हाती तिजोरी नाही त्याचे. प्रशासनाला स्वतःचे खाते असते, शाळेला स्वतःचे अंदाजपत्रक असते. नागरिकांच्या हाती फक्त करारातले एक कलम असते आणि ते कोणी वाचलेले नसते.

२०२० साली कोविडच्या काळात सभागृहांना कुलपे लागली, बैठका संगणकावर भरू लागल्या. तेव्हा त्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम अनेक गावांत याच छोट्या वाहिन्यांनी केले. वर्षानुवर्षे ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांची त्या वेळी आठवण झाली.

आपल्याकडे खेडा जिल्ह्यात १९७५ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन दूरचित्रवाणीचे कार्यक्रम करण्याचा नावाजलेला प्रयोग झाला. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. त्याच वर्षी झालेल्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले, पण नागरिकांसाठी वाहिनी राखली नाही. सामुदायिक रेडिओचे दार २००६ साली सामाजिक संस्थांना उघडले, म्हणून सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ऐकू येते. आता तर मोबाइल घेऊन कोणीही आपली वाहिनी काढतो.

मग अमेरिकेतल्या त्या जुन्या खटाटोपाकडे पाहायचे कशाला? मोबाइलवर बोलायला जागा मिळते. पण पालिकेची सभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काटछाट न करता दाखवण्याची जबाबदारी तिथे कोणावरच नसते. शाळेतल्या मुलीच्या हाती कॅमेरा देऊन तिला त्या सभेत बसवणारेही कोणी नसते. ती मुलगी पुढे पत्रकार होईल किंवा होणारही नाही. पण आपल्या गावाचा पैसा कुठे जातो, हे तिने सोळाव्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. पुढे मतदार म्हणून ती त्या सभागृहात येईल, तेव्हा कोणत्या सदस्याला काय विचारायचे, हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.