नेमलेले आणि निवडलेले

आमच्या धर्मग्रामांत नेतृत्वाचा विषय निघाला की मोशेचा दाखला हमखास दिला जातो. सासरा इथ्रो ह्याच्या सल्ल्यावरून मोशेने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमले. कठीण प्रकरणे तेवढी स्वतःकडे ठेवली. व्यवस्था चांगलीच होती. परंतु नेमणारा मोशेच होता.

‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात निराळेच घडते. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर ग्रीकभाषक शिष्यांनी केली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही. सर्व शिष्यांना बोलावून सात जण निवडण्यास सांगितले आणि निवडलेल्यांवर हात ठेवले. त्या सातांची नावे पाहावीत: स्तेफन, फिलिप्प, निकलाव... सातही ग्रीक! ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप गेले असे दिसते.

आमची पालकीय मंडळे ह्या दुसऱ्या रीतीने चालतात, असे भाषणांत सांगितले जाते. प्रत्यक्षात चालते ती पहिली, तीही अर्धीमुर्धी. इथ्रोच्या नायकांना निवाडा तरी करता येत असे. आमचे सभासद आधीच ठरलेल्या सणाच्या कार्यक्रमास मान डोलावून चहा घेतात. आदिवासी पाड्यावरचा वा भाड्याच्या खोलीत राहणारा श्रद्धावंत त्या बैठकीत आम्ही क्वचितच पाहिला. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३६ वे कलम ह्या मंडळास केवळ सल्ल्याचा अधिकार देते आणि ते स्थापावे की नाही हे महागुरूंच्या विचारावर सोडते. ५३७ वे कलम अर्थसमिती मात्र सक्तीची करते. पैशासाठी सक्ती आणि माणसांसाठी सवड, हा कोठला न्याय? अशी मंडळे सक्तीची व्हावीत, असा आग्रह २०२४ च्या सिनॉडने धरला, हे बरे झाले.

तरी सगळा दोष धर्मगुरूंच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. विचारून वागणारा फादर ‘कच्चा’ आणि दरडावणारा ‘कर्तबगार’, ही समजूत प्रापंचिकांनीच जोपासली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले तेव्हा त्यांच्या हाती कोणतीही सत्ता नव्हती. शब्द होता, आणि सोबत चालणारे लोक होते. २०२४ साली ते गेले. तसा दुसरा कोणी येईल म्हणून वाट पाहत बसणे, हा आमचा आवडता आळस!

तूर्त आम्ही एवढेच विचारतो: मंडळाच्या पुढच्या बैठकीची विषयपत्रिका कोण लिहिणार, आणि पाड्यावरची तक्रार तीत कितव्या क्रमांकावर असेल?