गावठी कट्टा घेऊ नका, आणि दुसऱ्याचा सांभाळूही नका

परवान्याचं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, शिवाय परवान्यासाठी खेटे घालायचे. कट्टा मात्र ओळखीतून काही हजारांत मिळतो. मग घेतला तर बिघडलं कुठे? हा हिशेब सध्या तालुक्याच्या गावांपासून शहरांतल्या वस्त्यांपर्यंत अनेक तरुणांच्या डोक्यात घोळतो आहे. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. सौदा ठरायच्या आत वाचा.

आधी वस्तू बघू. न्यायालयात मुद्देमालाचं पाकीट फोडतात, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल बाजूला होतं आणि कट्टा टेबलावर येतो. भंगारातल्या पाइपाची नळी, सांध्यांवर वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे, स्क्रूने आवळलेल्या दोन लाकडी फळ्यांची मूठ. चाप सैल, घोडा एका स्प्रिंगच्या भरवशावर. सेफ्टी नावाचा प्रकार सहसा नसतोच.

या नळीत भरतात ते काडतूस मात्र बऱ्याचदा अस्सल असतं. जप्तीच्या पंचनाम्यांत ‘८ एमएम केएफ’ असा उल्लेख वारंवार येतो. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्याजवळ खडकीला १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना. हे काडतूस .३१५ बोअरच्या रायफलचं आहे. रायफलच्या जाड पोलादी नळीने सोसायचा दाब इथे पाइपाच्या तुकड्यावर येतो. अधिकृत कारखान्यात प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून ती टिकते का, हे आधी तपासतात. कट्ट्याची ही चाचणी कुणी केलेली नसते. ती घेणाऱ्याच्या हातात होते. नळी फाटली तर बोटं जातात. मागची बाजू नीट बंद झाली नसेल तर तापलेला वायू आणि धातूचे कण थेट तोंडावर, डोळ्यांत येतात. भरलेला कट्टा कमरेला खोचला आणि खाली पडला, तर चापाला हात न लावताही गोळी सुटू शकते. ती मांडीत शिरेल की शेजारी बसलेल्या मित्राच्या पोटात, हे कुणाच्याच हातात नसतं.

‘आम्ही कट्टा नाही, मॅगझिनवालं घेतोय’ असं सांगणारे भेटतात. सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर या पट्ट्यातून येणारी ही पिस्तुलं दिसायला गुळगुळीत असतात. काहींवर ‘मेड इन यूएसए’ असा ठसाही असतो. ठसा मारायला फार कष्ट पडत नाहीत. आतलं पोलाद कुठलं, याची हमी तिथेही कुणी देत नाही, आणि कायद्याच्या लेखी दोन्ही सारखीच.

आता कायद्याची किंमत पाहा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा तेव्हापासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, वर दंड. गोळी झाडलीच पाहिजे असं नाही, नुसता ताबा पुरतो. शस्त्र वापरलं तर कलम २७ खाली तीन ते सात वर्षं. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साक्षांकन नमुन्यात दाखल गुन्ह्याची माहिती द्यावी लागते आणि चारित्र्य पडताळणीत ती निघतेच. पासपोर्टही अडतो.

‘स्वसंरक्षणासाठी ठेवलं होतं’ हा बचाव इथे तोकडा पडतो. जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण त्या हक्काने बेकायदा शस्त्र कायदेशीर होत नाही. तो गुन्हा वेगळा चालतो. कमरेला कट्टा लावून रील टाकणाऱ्याने तर पोलिसांचं काम स्वतःच करून ठेवलेलं असतं. आणि वरातीत हवेत बार काढायची हौस असेल, तर निष्काळजीपणे तसा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारकही त्यातून सुटत नाही.

बरीच पोरं अडकतात ती ‘एवढं सामान दोन दिवस ठेव’ या एका वाक्यात. पिशवीत काय आहे हे ठाऊक असून ती कपाटात ठेवलीत, तर ताबा तुमचा. अल्पवयीन मुलांना तर मुद्दाम पुढे केलं जातं, ‘तुला काही होत नाही’ म्हणून. आईवडिलांनो, मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलाच्या दप्तरात, गाडीच्या डिकीत असं काही दिसलं तर गप्प बसू नका.

ज्यांनी आधीच घेतलंय, त्यांना कळकळीची विनंती. चालतं का म्हणून झाडून बघू नका. विहिरीत, नाल्यात टाकू नका, मित्राच्या गळ्यात मारू नका, विकून पैसे वसूल करायला जाऊ नका. विकलंत की गुन्हा मोठा होतो. हात न लावता, घरच्यांना विशेषतः मुलांना त्यापासून दूर ठेवून आजच वकील गाठा आणि त्यांच्यामार्फत पोलीस ठाण्यात जा. स्वतःहून जमा केलं म्हणून गुन्हा आपोआप माफ होत नाही, हे खरं आहे. पण स्वतःहून गेलेला माणूस आणि नाकाबंदीत सापडलेला माणूस यांची बाजू न्यायालयात सारखी दिसत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

ज्यांना खरोखर धमक्या येताहेत, जमिनीचा वाद आहे, वसुलीवाले दारात येतात, त्यांची भीती खोटी नाही. तातडीच्या वेळी ११२ लावा. धमकीचे मेसेज आणि कॉल जपून ठेवून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. शस्त्राची गरज पटवून देता येत असेल तर परवान्यासाठी आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मिळेलच असं नाही, पण नाकारला गेला म्हणून कुणाला बेडी पडत नाही.

परवानाधारकांनो, तुमच्याकडची काडतुसं मोजून ठेवा. तुम्ही ‘दोस्तीखात्यात’ दिलेला एक राऊंडच कट्ट्याला जिवंत करतो.

आणि ज्याचे पैसे अजून खिशात आहेत, त्याने ते तिथेच राहू द्यावेत. बयाणा दिला असेल तर तो बुडाला असं समजा. यापेक्षा स्वस्तात सुटका होणार नाही. मध्यस्थाला आजच ‘नको’ म्हणून कळवा आणि त्याचा नंबर ब्लॉक करा.