आरोग्याचे यंत्र कोणाच्या सेवेला?

२७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झाले. प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्यक्रमांक मिळेल आणि रुग्णाची कागदपत्रे कोठेही पाहता येतील, असा गाजावाजा तेव्हापासून चालू आहे. श्रमिक वर्ग यंत्राचा शत्रू नाही. प्रश्न इतकाच, की हे यंत्र कोणत्या व्यवस्थेत आणि कोणाच्या हितासाठी चालणार?

याचा धडा २०२१ च्या लसीकरणानेच दिला आहे. १ मे रोजी अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, ते ‘कोविन’वरील आगाऊ नोंदणी सक्तीची करून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाईल केवळ ५४ टक्के स्त्रियांकडे होता! ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या विषमतेवर बोट ठेवले. लशींचा तुटवडा होता. यंत्राने तो दूर केला नाही, फक्त स्मार्टफोनवाल्यांना रांगेत पुढे आणि मजुरांना मागे उभे केले.

‘ई-संजीवनी’वर दूरचा डॉक्टर पडद्यावर दिसतो, हे चांगलेच आहे. परंतु उपकेंद्रात परिचारिका नसेल, रक्ततपासणीची सोय नसेल, कपाटात औषध नसेल, तर त्या सल्ल्याचे रुग्णाने काय करावे? २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. माहिती भरण्याचा बोजा मात्र आशाताईंच्या माथी मारला जातो, आणि त्यांना सरकार आजही ‘स्वयंसेविका’ म्हणते, कर्मचारी नव्हे!

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. सुरक्षिततेची हमी नसताना कोट्यवधींच्या आजारांची नोंद एकत्र जोडणे म्हणजे विमा कंपन्या आणि खाजगी भांडवल यांच्यासाठी नवी बाजारपेठ खुली करण्याचा धोका पत्करणे होय.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. आधी डॉक्टर, परिचारिका, औषधे, मग पडदा. आशाताईंना कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन. आरोग्यक्रमांक नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारता कामा नयेत. रुग्णाची माहिती सार्वजनिक नियंत्रणाखाली राहावी, ती विकण्यास सक्त बंदी असावी.

या अटींवरच तंत्रज्ञान जनतेचे होईल. त्या मान्य करून घेण्यासाठी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील आरोग्य केंद्रापासून लढा उभारला पाहिजे.