ट्रकची ‘खट्ट’ आणि आपली घाई

व्यापारी बांधव कापड घेताना ठाण उलगडतात, पन्हा मोजतात, डाग शोधतात. मात्र तोच माल वाहणारा ट्रक आवाज करू लागला की काही न तपासता पैसा ओततात. आम्हीही त्यांतलेच.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे आमच्या गाठी जात. गिअर पडताना खालून ‘खट्ट’ होते, असे ड्रायव्हरने दोनदा सांगितले. सीझन होता, आम्ही म्हणालो, ‘‘चालू दे.’’ पुढे एका गॅरेजवाल्याने अंदाजाने क्राउन-पिनियन बदलायला लावले. बिल भारी झाले, आवाज तसाच राहिला.

अखेर मुळशी तालुक्यातील भरे येथे एका मिस्त्रीने चाकांना उटी लावल्या, गाडी न्यूट्रलला ठेवली आणि खाली शिरून शाफ्ट हाताने मागेपुढे पिळला. मागच्या जॉइंटचा क्रॉस हलत होता. वाटीच्या कडेला तांबूस भुकटी होती. ग्रीस न मिळाल्याने आतल्या बारीक सुया झिजल्या होत्या. अर्ध्या तासात दोष सापडला. क्रॉस बदलला, आवाज गेला.

मिस्त्रीने सांगितलेल्या खुणा प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवाव्यात. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना एकदाच ‘खट्ट’ झाली, तर क्रॉस, शाफ्टचा सरकता जोड आणि पिनियनचा नट पाहावा. वेगात गाडी थरथरली, तर सेंटर बेअरिंग आणि शाफ्टचा तोल तपासावा. केवळ खड्ड्यात आवाज आला, तर दोष बहुधा पाटे, शॅकल पिन किंवा सैल यू-बोल्टमध्ये असतो. डिफरन्शियल उघडणे सर्वांत शेवटी. शाफ्ट उतरवण्याआधी जोडांवर खुणा कराव्यात. चुकीच्या कोनात बसवला तर नवी थरथर सुरू होते. ग्रीस भरताना क्रॉसच्या चारही टोकांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. घाट उतरताना शाफ्ट निखळला, तर इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. स्टिअरिंगवर दुसऱ्याच्या घरचा कमावता माणूस असतो. त्याची तक्रार आम्ही सीझनच्या नावाखाली टाळली, हा आमचाच गुन्हा होता.

गॅरेजवाल्यांना दोष देणे सोपे आहे. पण आपण पैसे कशाचे देतो? सुट्या भागाचे. भरेच्या मिस्त्रीने केवळ ग्रीस भरून काम भागवले असते, तर आम्ही त्याच्या हातावर चहापाण्यापलीकडे काय ठेवले असते? तपासणीची मजुरी बुडवायची आणि वर प्रामाणिक निदानाची अपेक्षा धरायची, हा कुठला व्यवहार? अशाने कारागिराला भाग विकण्यावाचून मार्ग उरत नाही.

म्हणून आमचे मत असे : तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि भाग बदलला नाही तरी ती खुशीने द्यावी. दोष हाताने हलवून दाखवल्याशिवाय भाग बदलू देऊ नये. आणि ड्रायव्हरने आवाज सांगितला, तर त्याच दिवशी गाडीखाली माणूस घालावा. हिशेबाच्या वहीत ही मजुरी किरकोळ दिसते. आम्ही ती वाचवायला गेलो आणि क्राउन-पिनियनचे बिल भरून बसलो.