जुना खेळ, जुना दोस्त

दर गुरुवारी रात्री आमच्या घड्याळात साडेअकरा वाजतात, तेव्हा कुवेतमध्ये नऊ वाजलेले असतात. तिकडे शुक्रवार-शनिवारची सुट्टी, त्यामुळे गुरुवारची रात्र मोकळी. इशाची नमाज आणि जेवण आटोपलं की आमचा लहानपणचा दोस्त फोन लावतो, त्याच्या संगणकाचा पडदा आम्हाला दाखवतो आणि आम्ही दोघे एक जुना जपानी खेळ पुन्हा खेळायला बसतो. फजरला उठायचं असतं, म्हणून तासाभराच्या वर नाही. चाळिशी गाठलेले दोन बाप शाळकरी पोरांसारखे कुजबुजत खेळतात, याचं घरात सगळ्यांना हसू येतं. येऊ दे.

खेळाचं नाव ‘फायनल फँटसी ९’. ज्यांना ही दुनिया ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात गाडी पळवायची नसते की गोळ्या झाडायच्या नसतात. एक लांबलचक गोष्ट असते, तिच्यातली माणसं आपण चालवतो, गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो आणि लढाई आली की पाळीपाळीने वार करतो. जपानमध्ये या प्रकाराला घरोघरी नेलं ते १९८६ साली आलेल्या युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. पुढच्याच वर्षी हिरोनोबू साकागुची यांचा पहिला ‘फायनल फँटसी’ आला. आमचा नववा भाग २००० सालचा, चार डिस्कचा. संगीत नोबुओ उएमात्सू यांचं. आजही त्याची सुरुवातीची धून लागली की दोस्ताच्या घरातली ती पडवीकडची खोली डोळ्यांपुढे येते.

प्लेस्टेशन दोस्ताच्या अब्बांनी, म्हणजे आमच्या चाचांनी, कुवेतहून सुट्टीवर येताना आणलं होतं. कंट्रोलर एकच. मग वाटणी ठरली: बटणं दोस्ताने दाबायची आणि आम्ही मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन बसायचं. खेळातलं सगळं बोलणं इंग्रजीत, आणि आमचं इंग्रजी जेमतेम. शाळेच्या पुस्तकाने शिकवले नाहीत एवढे शब्द आम्ही त्या खोलीत शिकलो.

खेळ कुठेही जपून ठेवता येत नसे. मोगल नावाचे पांढरे, गुबगुबीत प्राणी वाटेत ठरावीक ठिकाणी भेटत, तिथे सेव्ह करायचं. त्याआधी लाइट गेली की सगळी मेहनत पाण्यात. एकदा तीन तासांचा खेळ असा गेला आणि दोस्त रडला. तेव्हापासून चाचांनी ‘सेव्ह’ हा शब्द उचलला. मगरिबच्या आधी ते दारात येऊन उभे राहायचे. “बाबांनो, अजानची वेळ झाली. सेव्ह करा नि चला.” मोगल जवळ नसला तरी अडत नसे. लढाई ऐन रंगात असली तरी स्टार्टचं बटण दाबलं की राक्षस हात वर करून जागच्या जागी थांबायचा. आम्ही मशिदीत जाऊन यायचो, तो तसाच उभा.

ही गोष्ट आम्हाला आता बाप झाल्यावर कळते आहे. आमची मुलं खेळतात ते खेळ थांबत नाहीत. पलीकडे दुसरी माणसं जोडलेली असतात, मध्येच उठलं तर हरतो आणि वर शिव्याही खातो. त्यांना शेवट नसतो. शिवाय पैसे देऊन नशिबाची पेटी उघडायची असते, आत काय निघेल ते आधी कळत नाही. ही पद्धतही जपानमधलीच. नाणं टाकून खेळण्याची डबी काढायच्या यंत्राला तिथे ‘गाचापोन’ म्हणतात, त्यावरून तिचं नाव ‘गाचा’ पडलं. तिचा एक प्रकार जपानला २०१२ साली बंद करावा लागला, आणि बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगारच ठरवलं. जुगाराबद्दल आपल्या घरांत वेगळं सांगायची गरज नाही. म्हणून मूल किती वेळ खेळतं एवढंच विचारू नका. अजान झाली की तो खेळ थांबवता येतो का, त्याला शेवट आहे का आणि तो नशिबावर पैसे लावायला सांगतो का, हेही बघा. या जुन्या खेळांत जादूगार आणि राक्षस आहेत. कुणाच्या घरी ते रुचत नसेल तर आम्ही वाद घालणार नाही. आमच्या चाचांनीही अट घातली होती, की हे खोटं आहे हे लक्षात ठेवून खेळायचं.

आता त्या गुरुवारकडे येतो.

खेळात व्हिवी नावाचा एक लहानगा आहे. टोकदार मोठी टोपी, तिच्याखाली काळोख आणि त्यात दोन पिवळे डोळे. फिरता फिरता त्याला समजतं की त्याच्यासारखे पुष्कळ आहेत, ते जन्मलेले नसून लढाईसाठी कारखान्यात बनवलेले आहेत. त्यातले काही पळून जाऊन जंगलात गाव वसवून राहिले आहेत. एकेकाला नाव नाही, नुसता आकडा. गावाच्या कडेला कब्रस्तान आहे. तिथे एक जण व्हिवीला सांगतो की त्याचा दोस्त एके दिवशी एकाएकी हलेनासा झाला, म्हणून त्याला मातीत ठेवलं. मरण म्हणजे काय हे या बिचाऱ्याला नीट उमगलेलं नाही. दोस्त मातीतून बाहेर आला की त्याला तळ्यावर नेऊन धुवायचं, असा त्याचा बेत आहे.

लहानपणी हे वाचताना शब्दकोशातून आम्ही ‘बंद पडला’ असा अर्थ काढला होता, रेडिओ बंद पडतो तसा. दोघेही हसलो होतो आणि पुढे गेलो होतो.

या वेळी दोस्त पुढे गेला नाही. खेळाच्या नव्या आवृत्तीत सगळं भरभर पळवायचं बटण आहे, एरवी तो ते दाबून ठेवतो. त्या रात्री त्याने ते दाबलं नाही. पडद्यावर तो टोपीवाला कब्रीपाशी उभा, आणि पलीकडून काही आवाज नाही. आम्हाला वाटलं नेट गेलं.

मग त्याने विचारलं, “अब्बांना मिट्टी कोणी कोणी दिली?”

चाचा २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. मार्चमध्येच विमानं बंद झाली होती. दोस्त कुवेतच्या खोलीत अडकलेला, आणि इकडे जनाज्याला वीसच माणसांची मुभा. त्याने फोनवर फक्त एवढंच म्हटलं होतं, “माझ्या वाटची तू दे.” आम्ही दिली. त्यानंतर पाच वर्षं तो दर गुरुवारी सोडाच, दर ईदला बोलला, घरी येऊन कबरीवर फातिहा वाचून गेला, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. त्याला त्रास होईल असं आम्ही धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर आम्हालाच सांगणं जड जात होतं.

त्या रात्री सगळं सांगितलं. कबरीत कोण उतरलं, तोंड किबल्याकडे कोणी केलं, मास्क लावलेल्या इमामसाहेबांचा आवाज कसा दबका येत होता. माती पहाटेच्या दवाने ओली होती, हाताला चिकटत होती. तीन मुठी आम्ही आमच्या दिल्या आणि तीन त्याच्या नावाने. त्या वेळी मनात त्याचं नाव घेतलं होतं, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “ओली होती म्हणजे बरं. त्यांना उन्हाची धूळ सोसायची नाही.”

घड्याळात एक वाजून गेला होता. खेळ तासभर तिथेच उभा होता.

या खेळात एक तलवार आहे, शेवटच्या टप्प्यावर बारा तासांच्या आत पोहोचणाऱ्यालाच ती मिळते. लहानपणी तिच्यासाठी आम्ही तळमळलो होतो. एरवी खेळ पुरा व्हायला चाळीसेक तास सहज लागतात. आमचे या वेळी साठ होतील. तलवार आता नकोच आहे.

शेवट आम्हाला माहीत आहे. त्या समारंभात व्हिवी दिसत नाही, त्याच्यासारख्या टोप्या घातलेली छोटी मुलं दिसतात. लहानपणी दोस्त भांडायचा की तो गर्दीत मागे कुठेतरी असणार. आता भांडणार नाही, असं वाटतं. पण भांडलाच तर आम्ही ऐकून घेऊ.

त्या रात्री फोन ठेवण्याआधी त्याने व्हिवीला मोगलपर्यंत चालवत नेलं आणि म्हणाला, “सेव्ह करतो नि उठतो.” आवाज अगदी चाचांसारखा आला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.