ओल भिंतीत, ठपका बाईवर

पाऊस लागला की भिंतीवर काळे ठिपके उठतात, गाद्यांना कुबट वास येतो, मूल रात्रभर खोकते. आणि जाब विचारला जातो तो घरातल्या बाईला. सासू म्हणते, घर नीट ठेवत नाही. दवाखान्यात सांगतात, स्वच्छता पाळा. वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्या दरवर्षी तोच सल्ला छापतात: खिडक्या उघड्या ठेवा, ओले कपडे घरात वाळत घालू नका. सल्ला देणाऱ्यांनी आमची घरे पाहिली आहेत काय?

ओल घरात तीन वाटांनी येते. पावसाचे पाणी बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून झिरपते. वरच्या मजल्यावरच्या मोरीचे, संडासाचे पाणी छतातून उतरते. तिसरी वाट वाफेची. भात शिजतो, गॅस जळतो, दोरीवर चार माणसांचे कपडे वाळतात. हवा खेळत नसली की ही वाफ भिंतीत, गादीत मुरते आणि तिथे बुरशी धरते. पहिल्या दोन वाटा बांधकामातल्या आणि दुरुस्तीतल्या हयगयीच्या. तिसरीबद्दल बाईने काय करावे? स्वयंपाक बंद करावा, की कपडे धुणे?

बुरशीचे कण श्वासावाटे छातीत जातात. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे विकार होण्याचा धोका जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्पष्ट सांगितले आहे. मग या घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते? पुरुष कामावर जातो. बाई घरातच राबते. ओट्यापाशी तीच, आजाऱ्याच्या उशाशी तीच, मणी ओवायचे किंवा पापड लाटायचे कामही त्याच खोलीत. तिच्या कामाला मोल नाही, तसे तिच्या खोकल्यालाही नाही.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दला रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी उठवलेल्या कुटुंबांच्या वसाहती आहेत. २२५ चौरस फुटांचे घर, आणि दोन इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरचे अंतर. त्या फटीत कचरा, घुशी, दुर्गंधी. तिकडे खिडकी उघडायची कुणी? 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने इथल्या तीन वसाहतींची पाहणी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. क्षय ओलीने होत नाही, जंतूने होतो. पण ज्या कोंडलेल्या, अंधाऱ्या हवेत भिंत वाळत नाही, त्याच हवेत तो जंतूही टिकून राहतो. या इमारतींचे नकाशे कोणत्याही गृहिणीने काढलेले नव्हते. ते सरकारी टेबलांवर मंजूर झाले.

म्हणून मैत्रिणींनो, भिंत जरूर पुसा, पण साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्याने, नाकाला पदर बांधून. कोरडी खरवडली तर बुरशी घरभर उडते. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि पाणी झिरपायचे थांबल्याशिवाय रंगावर पैसे घालवू नका. पोपडे पुन्हा सुटणारच.

पण पुसून थांबू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ती मेहेरबानी नव्हे. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात घर नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचे आहे. कागदावर आपले नाव असताना सभेला फक्त नवराच का जातो? गळतीचा विषय पार्किंगच्या आणि गणपतीच्या वर्गणीच्या खाली का ढकलला जातो?

आणि शासनाला आपला सवाल आहे. घर मोजताना तुम्ही चौरस फूट मोजता. ऊन किती येते, वारा किती खेळतो, कपडे वाळायला जागा कुठे, हे का मोजत नाही? दोन इमारतींतले अंतर बिल्डरच्या फायद्यासाठी कमी करायचे आणि उरलेल्या अंधाराची साफसफाई बाईवर सोपवायची, हा व्यवहार आम्हांला मान्य नाही. डोक्यावर छप्पर मिळाले म्हणून आम्ही गप्प बसावे काय? त्या छपराखाली श्वास घेता आला पाहिजे.